आठव्या तासाची उजळणी

सोमवारी इंग्रजीचा पेपर. आज शुक्रवार, आठवा तास,
खडू दोन इंचाचा, तोही निळा.
फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात रोजच्यासारखं :
पट अकरा, हजर दहा.

लिहा, म्हणते मी. नाउन म्हणजे नाम.
प्रत्येकानं एक सांगायचं, शेजाऱ्याचं चोरायचं नाही.
कौल, म्हणतो परशा कुंभार. माती, म्हणते त्याचीच बहीण.
मलप्रभा.
हे विशेषनाम, म्हणून पहिलं अक्षर मोठं.
लोंढा पॅसेंजर. दोन्ही मोठी.
उशिरा, म्हणतो अल्ताफ.
ते क्रियाविशेषण रे. पण त्या गाडीला शोभतं खरं.

बाई, मराठीत मोठं अक्षर का नाही?
कन्नडातही नाही, म्हणते मी,
आणि पुढं जाते.

सिमिली म्हणजे उपमा. लाइक, अ‍ॅज. सारखा, सारखी, सारखं.
पाठीमागून निलव्वा, तिची आई हल्याळची :
बाई, कन्नडाच्या पुस्तकात ‘अंते’ असतं.
हूविनंते. फुलासारखं.
आणि बंदनंते म्हणजे, आला म्हणे.
दोन्हीकडं तेच अंते?

वीस वर्षं शिकवते. पेडगावच्या डेपोसमोर उभं राहावं
आणि गाव कुठल्या दिशेला ते विसरावं, तशी थांबले.
तेच अंते, म्हणाले. तेच गं.
म्हणजे उपमा ही ऐकीव गोष्ट.
‘सारखं’ म्हणणारा शपथ घेत नाही.
आणि मेटाफर?
मेटाफर म्हणजे ज्यानं स्वतः बघितलं त्याची साक्ष.
उदाहरण द्या.

कुणीच बोलेना.
मग परशा, खाली बघत, नखातली माती काढत :
आमचा बाबा भट्टी हाय.

सारखा नाही?
नाही बाई. हाय.

मी फळ्यावर लिहिलं नाही ते.
वह्यांत मात्र लिहून घेतलं सगळ्यांनी.

शेवटचं. इन्फरन्स.
जे लिहिलेलं नाही ते वाचायचं, पण पुराव्यानं.
टॉमनं कोट घातला, दार लावून घेतलं. म्हणजे?
थंडी! नऊ आवाज.
दहावा अल्ताफचा, तो खिडकीतून कौलांच्या चट्टीकडं बघूलाय :
सुनंदाचा बाक रिकामा.
काल तिचा धाकटा भाऊ तिचं दप्तर पाठीला लावून आला.
कंपासपेटीपण तिचीच.
म्हणजे?

मडगावला मावशीकडं गेली असंल.
पुरावा दे, म्हणते मी, सवयीनं. ओळ दाखव.
तिच्या आईनं नवीन चप्पल घेतली तिला, सोमवारी,
बाजाराचा दिवस नसताना.

उत्तर बरोबर होतं. दोन गुण.
मी ते पाणी प्यायल्यासारखं गिळलं
(उपमा).

मग परशानंच, गणित सोडवावं तसं :
पट अकरा. त्यातली एक मडगावला.
पाचवीत तिघं. सहावीचा वर्गच नाही.
शिपाई मामा सुट्टीवर गेले ते आलेच नाहीत.
म्हणजे बाई?

निलव्वा हळूच, वहीत बघून, पाठ म्हणून दाखवल्यासारखी :
शाले मुच्चुत्तारंते.

वर्गात मराठी शिकणारे सगळे,
तरी कुणीही अर्थ विचारला नाही.

अंते आहे ना त्यात, मी म्हणाले. ऐकीव आहे.
हो बाई, ती म्हणाली. अजून अंतेच आहे.

बाहेर रुळाच्या तुकड्यावर घण पडला.
आज घंटा द्यायची पाळी सातवीचीच होती,
ज्योकी सोज कधी उठून गेला कळलंच नाही.
दप्तरं, बाकांचे पाय, एकाची बाटली घरंगळत दारापर्यंत.
डस्टर फिरवला. टॉम गेला, कोट गेला,
दोन्ही अंते गेले.
कोपऱ्यातला अकरा पुसायला हात पोचत होता,
ठेवला.

पॉइंट ऑफ व्ह्यू राहिला बाई!
गोष्ट कोण सांगतंय, मी की तो की ते,
आणि ज्याला काही विचारलंच नाही तो कुठं उभा आहे,
एवढंच राहिलंय.
उद्या सकाळची शाळा. करू.